जुन्या ज्यू विनोदी तबकड्या (७८ आरपीएम): वेग, टेक आणि 'बोलणे अधिक गाणे'. माहिती हवी

अडगळ_पुणे
१९१० ते १९३० च्या ज्यू विनोदी तबकड्यांवर धागा सापडला नाही, म्हणून काढतोय. थोडे गाणे, मग वाद्ये दबकी करून किंवा थांबवून नकला आणि संवाद, पुन्हा गाणे, हा जो प्रकार आहे त्याबद्दल विचारतोय. 'कोहेन ऑन द टेलिफोन' सगळ्यांना ठाऊक असते. त्यापुढे काय ऐकावे?

दुसरा प्रश्न तांत्रिक. कोलंबियाच्या एका १० इंची तबकडीच्या दोन डिजिटल प्रती आहेत. सुईची खरखर सोडून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मोजले तर एक २:५८ भरते आणि दुसरी ३:०७. एकीत गायक गाडी पकडायला निघालाय, दुसरीत नुकताच जेवून उठलाय. खरी कुठली?

मध्यसप्तक
१८७ भागिले १७८ म्हणजे १.०५. एक प्रत मिनिटाला ८० फेऱ्यांवर उतरवली असेल तर दुसरी साधारण ७६ वर. सुरात हा फरक ०.८५ अर्धस्वराचा, म्हणजे पट्टीच बदलली म्हणायची.

पण आधी टेक, म्हणजे एका दमात केलेले ध्वनिमुद्रण, एकच आहे ना ते बघा. कॅटलॉग क्रमांक एकच असला तरी आतला टेक वेगळा असू शकतो. बोलक्या तबकडीत हे फार होते, कारण पदरचे शब्द दर वेळी बदलतात. तबकडी हातात असेल तर लेबलच्या आसपास मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्याचा क्रमांक) आणि टेकचा आकडा शोधा. फक्त फाइल असेल तर छोटी प्रत १.०५ पट ताणून दुसरीखाली ठेवा. सगळे ठोके आणि खोकले शेवटपर्यंत जुळले तर टेक एकच. मध्येच सुटू लागले तर टेक वेगळे, आणि मग वेगाचा प्रश्नच वेगळा.

चिंटूचा_मामा
७८ ची तबकडी ७८ वर वाजवायची. यात धागा काढण्यासारखे काय आहे?

मध्यसप्तक
मामा, ७८.२६ हा आकडा विजेच्या मोटरी आल्यावर स्थिरावला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपला वेग. कोलंबिया ८० छापायची, एडिसनच्या डायमंड डिस्क ८० च्याच, व्हिक्टरचे ध्वनिमुद्रण त्या काळात ७६ च्या आसपास असायचे आणि पाथेच्या जुन्या तबकड्या ९० पर्यंत जायच्या. '७८' हे आपण नंतर दिलेले आडनाव.

रातराणी_७८
काय ऐकावे याबद्दल. आधी दोन कप्पे वेगळे करा, नाहीतर सगळा गोंधळ होतो.

पहिला कप्पा इंग्रजीतल्या नकलांचा. जो हेमनने 'कोहेन ऑन द टेलिफोन' १९१३ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित केली, अमेरिकेत ती कोलंबिया ए१५१६ म्हणून निघाली. ती प्रचंड खपली आणि मग कोहेनांची रांगच लागली. मन्रो सिल्व्हरने तर कोहेनला आरोग्य खात्याला फोन करायला लावला, त्याचे लग्न लावले. ज्युलियन रोझची 'लेव्हिन्स्की ॲट द वेडिंग' याच घरातली. मात्र हेमनची तबकडी नुसते स्वगत आहे, तिच्यात गाणे नाही. तुम्हाला मिश्र प्रकार हवा असेल तर अर्व्हिंग बर्लिनचे 'कोहेन ओज मी नाइन्टी-सेव्हन डॉलर्स' घ्या (१९१५ चे गाणे, रोडा बर्नार्डने पाथेसाठी म्हटलेले). फॅनी ब्राइसचे १९२१ चे 'सेकंड हँड रोझ' घ्या, आणि तिचेच १९२७ चे 'मिसेस कोहेन ॲट द बीच' घ्या, ज्यात जवळजवळ सगळा भार बोलण्यावर आहे.

दुसरा कप्पा यिद्दिशचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेचा. गस गोल्डस्टीन आणि क्लारा गोल्ड यांचे 'येंटे टेलेबेंडे'चे प्रवेश त्यात येतात. येंटे हे पात्र न्यूयॉर्कच्या 'फोर्व्हर्ट्स' या यिद्दिश दैनिकात बी. कोव्हनरने रंगवले. कजाग बायको, गरीब गाय नवरा मेंडेल. छापील सदरावरून रंगमंचावर, तिथून तबकडीवर.

शोधताना उपयोगी: कोलंबियाच्या इंग्रजी तबकड्यांना 'ए' हे आद्याक्षर, यिद्दिश तबकड्या 'ई' मालिकेत. व्हिक्टरच्या परभाषिक तबकड्यांची एक मालिका ७२००० पासून. दुकान एक, फडताळे दोन. आणि या दोन फडताळांतला ज्यू माणूसही एक नाही.

घोळकर
शेवटच्या वाक्याला +१. 'ए' मधला कोहेन सगळ्या अमेरिकेने हसावे म्हणून, 'ई' मधली येंटे घरच्यांनी हसावे म्हणून. 'ए' मध्ये गाणारे सगळे ज्यू होते असेही नाही. १९०८ च्या एडिसन सिलिंडरवर 'आय ॲम अ यिद्दिश काउबॉय' म्हणणारा एडवर्ड मीकर हा एडिसनकडचा घोषणा करणारा आणि आवाज काढणारा माणूस. एडा जोन्सने आयरिश, जर्मन, कृष्णवर्णीय, ज्यू अशा सगळ्यांच्या नकला केल्या. कंपनीच्या लेखी हा नुसता 'बोलीविनोद' होता.

साखरपा_मु_पो
म्हणजे आपल्या जुन्या नाटकांतला पारशी बावाजी आणि मारवाडी सावकार. त्यावर हसणे आज अवघड जाते.

रातराणी_७८
तेव्हाही जात होते. शिकागोतल्या रब्बींनी १९१३ च्या सुमारास रंगमंचावरच्या ज्यू टिंगलीविरुद्ध मोहीम उघडली होती. हेमनची तबकडी त्याच वर्षीची. २००६ मध्ये जोडी रोझेनने ही गाणी गोळा करून 'ज्यूफेस' नावाचा संग्रह काढला, त्याच्या नावातच सगळे आले. पण हेमन बारकाईने ऐकला तर त्याचा कोहेन मूर्ख नाही. वाऱ्याने झडप पडलीय, घरमालकाने सुतार पाठवावा, एवढीच त्याची मागणी. गोची आहे ती यंत्राची आणि पलीकडच्या कानाची. 'शटर' म्हटले की तिकडे 'शट अप' ऐकू जाते. घरमालक आपल्याला ऐकूच येत नाही, कोहेनच्या उत्तरांवरून त्याचे बोलणे ताडायचे. एकपात्रीतले हे तंत्र आजही चालते.

घोळकर
आणि एक गंमत. हा उच्चारविनोद मराठी कानाला अर्धा कळतच नाही. कोहेन 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' म्हणतो, 'टी-एच'च्या जागी 'द'. आपल्याकडे दोन्ही 'व' एकच, आणि 'टी-एच'चे काम आपण 'द'नेच भागवतो. लंडनचा श्रोता जिथे फुटायचा तिथे आपण विचारतो, बरोबरच तर बोलतोय, हसायचे कशाला?

चिंटूचा_मामा
हाहा. आमचे अख्खे बोरिवली कोहेन निघाले. बरं, तबकडी साफ करायला स्पिरिट चालते ना? मेडिकलमध्ये मिळते ते?

लाखमोलाचा
नाही! नाही! नाही! लाखेची तबकडी स्पिरिटने विरघळते. पॉलिशवाले लाख स्पिरिटमध्येच कालवतात, मग तबकडी कशी वाचेल? खोबणी मऊ होते, तकाकी जाते आणि ते पुन्हा येत नाही.

अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडे राहायला हवे, त्यासाठी रबरी चकती दाबून धरा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि सुती नसलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून उभी वाळवा. आडवी वाळवली तर पाणी चिरेत बसते. काठाला तडा असेल तर पाणी लावूच नका, लाखेखालची भर फुगते.

अपवाद: एडिसन डायमंड डिस्क. पाव इंच जाडीची ती जड तबकडी लाखेची नाही. गाभा लाकडाच्या भुशाचा, वर कृत्रिम राळेचा पापुद्रा. तिला पाणी हे विष, तो गाभा फुगून पापुद्रा सुटतो. तिथे उलट स्पिरिटच, कापडावर घेऊन, हलक्या हाताने. म्हणजे मामा, तुमचा प्रश्न अगदीच वाया गेला नाही.

निळ्या अँबरॉल सिलिंडरचे (१९१२ पासून) दुखणे तिसरेच. बाहेर सेल्युलॉइड, आत प्लास्टर. दमट हवेत प्लास्टर फुगते आणि सिलिंडर दांड्यावर चढत नाही. ठोकून चढवला की तडकतो. आतले प्लास्टर सारखे खरवडून काढावे लागते. कोकणातल्या आणि मुंबईच्या हवेत हे जास्तच.

अवांतर: या तबकड्यांतली लाख बहुतेक भारतातलीच. जगाला लाख पुरवणारा प्रदेश आपला छोटा नागपूर. त्या अर्थाने प्रत्येक कोहेनमध्ये थोडा भारत आहे.

अडगळ_पुणे
छान. टेक एकच आहे, ताणून बघितले, शेवटपर्यंत जुळतो. आता वेग कसा ठरवायचा? आणि माझ्या टर्नटेबलवर फक्त ३३ आणि ४५ आहे.

लाखमोलाचा
४५ वर वाजवून संगणकात वेग वाढवता येतो. ७८.२६ हवे असेल तर १.७३९ पट, ८० साठी १.७७८ पट. सूर आणि काळ दोन्ही एकत्र बदलायचे, फक्त 'टेम्पो' नाही.

इथे लोक हमखास एक चूक करतात. फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा आवाज वाढवणारे यंत्र) आरआयएए वक्र लावतो, म्हणजे एलपीसाठी ठरलेल्या मापाने खर्ज वाढवतो आणि वरचे सूर दाबतो. १९२५ पूर्वीच्या, म्हणजे मायक्रोफोनशिवाय कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकडीला असा कुठलाच वक्र दिलेला नसतो. तो लावला की खर्ज फुगतो, वरचे सूर दबतात, आणि संवाद गोधडीतून आल्यासारखा येतो. शिवाय ४५ वर लावलेला वक्र वेग वाढवल्यावर भलत्याच जागी सरकतो. म्हणून सपाट प्रीॲम्प वापरा, किंवा वेग बदलण्याच्या आधी उलटा आरआयएए लावून तो काढून टाका. क्रम महत्त्वाचा.

सुई: एलपीची सुई (साधारण १ मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चालत नाही, ती खोबणीच्या तळाशी लोळते आणि खरखर उचलते. ३ मिल हवी. झिजलेल्या तबकडीला २.८ किंवा ३.५ मिलची सुई कधी कधी भिंतीचा कोरा भाग पकडते, दोन्ही लावून बघा. सुईचे वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डोक्याच्या) कागदावर असेल ते. ७८ च्या काही कार्ट्रिज ५ ग्रॅम मागतात, तिथे २ वर ठेवलेत तर सुई उडते आणि उलट खोबणी खराब होते.

रातराणी_७८
आणि पाथे किंवा एडिसन असेल तर खोबणी उभी कोरलेली असते, सुई डावी-उजवी न हलता वर-खाली हलते. ती मोनो कार्ट्रिजवर वाजवली तर आवाज जवळजवळ नाहीच, नुसता शिमगा. स्टिरिओ कार्ट्रिजने उतरवा, ट्रॅक फोडा, एक चॅनल उलटा करा, मग दोन्ही मोनोत मिसळा. खरखर खाली जाते आणि माणूस एकदम पुढे येतो. बर्लिनचे ते ९७ डॉलरवाले गाणे पाथेचे आहे, तिथे हे लागेल. जुन्या साउंडबॉक्सची पोलादी सुई मात्र एडिसनच्या तबकडीवर कधीच टेकवू नका, खोबणी जाते.

मध्यसप्तक
आता वेग. मिश्र तबकडीचा फायदा असा की बोलण्यावरून वेग ठरत नाही, पण तिच्यात वाद्ये असतात. हेमनसारख्या निव्वळ स्वगताला हा आधार नसतो, तिथे त्याच कंपनीच्या त्याच सुमाराच्या, लगतच्या मॅट्रिक्सच्या वाद्यवृंदाच्या तबकडीवरून अंदाज घ्यावा लागतो.

कर्ण्यासमोरचा वाद्यवृंद म्हणजे क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रोम्बोन आणि डबल बासच्या जागी ट्युबा. व्हायोलिन कर्ण्यात पोचत नाही म्हणून स्वतःचाच कर्णा लावलेले स्ट्रोह व्हायोलिन. ही फुंकवाद्यांची मंडळी. त्यांच्या सोयीच्या पट्ट्या पेटीच्या भाषेत पांढरी चार, काळी पाच, काळी दोन. पांढरी तीन किंवा काळी एक त्यांना नकोशी. तर दोन्ही प्रतींचा षड्ज काढा. जो या सोयीच्या घरात बसेल तो वेग बरोबर असण्याची शक्यता जास्त.

छापील स्वरलिपीच्या पट्टीवर विसंबू नका, गायकाच्या गळ्याप्रमाणे ती बदलत. आणि लंडनचे ध्वनिमुद्रण असेल तर आणखी एक सापळा: तिथल्या बँडांचा जुना 'हाय पिच' ए = ४५२ च्या आसपास, म्हणजे ४४० पेक्षा जवळपास अर्धा अर्धस्वर वर. तिथे दोन घरांच्या मध्ये अडकलेला षड्जही बरोबर असू शकतो. तुमची तबकडी न्यूयॉर्कची की लंडनची?

अडगळ_पुणे
न्यूयॉर्क. पेटी काढतो.

साखरपा_मु_पो
एक बाळबोध प्रश्न. गाणे थांबवून बोलायचे का? मागे वाद्ये चालू ठेवून बोलता आले असते की.

रातराणी_७८
एकच कर्णा, मिक्सर नाही. मागे कॉर्नेट वाजत असताना बोललेला शब्द त्यात बुडतो. म्हणून १९२५ पूर्वी बोलण्याच्या वेळी वाद्यवृंद गप्प, किंवा दोन-चार मात्रांचा एकच तुकडा हळू घोळवत राहतो. तबल्यामागे लेहरा धरतात तसा. नट तेवढ्यात विनोद संपवून समेवर परत. १० इंची बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच जागा असल्यामुळे हे सगळे आधी मोजून ठेवावे लागे. शेवटच्या कडव्यात अचानक लय वाढली तर समजा बाजू संपत आली होती. मायक्रोफोन आल्यावर पार्श्वसंगीतावर बोलणे सोपे झाले, 'मिसेस कोहेन' त्या नंतरची आहे.

घोळकर
या प्रकाराचा कळस मात्र पुढे मिकी कॅट्झने केला. क्लीव्हलँडचा क्लॅरिनेटवादक, स्पाइक जोन्सच्या बँडमधून बाहेर पडला आणि १९४७ मध्ये आरसीए व्हिक्टरवर 'हाइम आफन रेंज' काढले. अमेरिकन गुराख्यांचे गाणे, शब्द अर्धे यिद्दिश, मध्येच गप्पा. आणि अचानक सगळा फार्स बाजूला ठेवून तीस-चाळीस सेकंद अस्सल क्लेझमर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचे लग्नसमारंभातले वाद्यसंगीत. त्यात चेष्टा शून्य. ट्रंपेटवर झिगी एलमनसारखी माणसे. १९५५ च्या 'डुव्हिड क्रॉकेट'लाही तीच बांधणी.

ते मधले तुकडे भैरवाच्या अंगाने जातात, पण निषाद कोमल. बसंत मुखारीचे स्वर म्हणा. आपल्या कानाला ते लगेच पकडता येतात. इंग्रजी शब्द ऐकायला आलेल्यांना तो भाग 'मधला गोंधळ' वाटत असे. १९९३ मध्ये डॉन बायरन या क्लॅरिनेटवाल्याने कॅट्झचे संगीत पुन्हा वाजवून दाखवले, तेव्हा कुठे लोकांनी ते संगीत म्हणून ऐकले.

चिंटूचा_मामा
आपल्या बेने इस्रायल ज्यूंनी असे काही केले का? ते तर मराठीच.

साखरपा_मु_पो
विनोदी नाही, पण बोलणे अधिक गाणे नक्की. मुंबईत १८८० मध्ये त्यांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. आख्याने अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. बांधणी आपल्याच कीर्तनाची: निरूपण गद्यात, मध्ये साकी, दिंडी, ओवी, अभंग. भाषा मराठी, मध्ये हिब्रू नावे.

घोळकर
हे वेगळ्या धाग्याचे काम आहे. काढाच. इथे राहिले तर कोहेनच्या खाली पुरले जाईल.

दुपारचा_चहा
पॉडकास्टमध्ये हे तुकडे वापरता येतील का?

रातराणी_७८
अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार १९२२ पर्यंतची सगळी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ ला एकदम खुली झाली. १९२३ ची २०२४ ला, आणि तिथून दर वर्षी एक वर्ष. १९४७ ते १९५६ ची मात्र ११० वर्षे अडकलेली, म्हणजे कॅट्झचे 'हाइम' २०५७ संपेपर्यंत तिथे बंद. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे. श्रोते दोन्हीकडे असतील तर दोन्ही बघा. शब्द आणि चालीचे हक्क वेगळे, ते विसरू नका.

ऐकायला: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नॅशनल ज्यूकबॉक्स (मुख्यतः व्हिक्टर), सिलिंडरांसाठी सांता बार्बराच्या विद्यापीठाचा संग्रह, यिद्दिशसाठी विस्कॉन्सिन-मॅडिसनचा मेरेंट संग्रह आणि फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा ज्यू ध्वनिसंग्रह. शोधताना यिद्दिश शब्दांची रोमन वर्तनी चार प्रकारे टाकून बघा. लग्नाला 'खासेने' म्हणतात, त्यातला 'ख' कुठे सीएच, कुठे केएच, कुठे नुसता एच. लेबलवर बहुतेकदा जर्मन वळणाची वर्तनी असते. एका वर्तनीत चार निकाल आणि दुसरीत साठ, असे सहज होते. लग्नाचे प्रवेश आवर्जून ऐका: मंगलविधी, रडारड, भांडण आणि क्लॅरिनेट, सगळे तीन मिनिटांत.

अडगळ_पुणे
पेटी काढली. २:५८ ची प्रत: षड्ज स्वच्छ पांढरी चार. ३:०७ ची: पांढरी तीनच्या किंचित वर, धड तिथे नाही, धड पुढे नाही.

मध्यसप्तक
मग २:५८. तुमचा घाईतला माणूसच खरा, वेग ८०. कोलंबियाने छापलेल्या आकड्याशी जुळते. दुसरी कुणीतरी व्हिक्टरच्या सवयीने ७६ वर उतरवलेली. फक्त शेवटच्या कडव्याचा षड्जही तपासा. चावीचे यंत्र किंवा उतरवणाऱ्याचे टर्नटेबल मंदावले असेल तर तो सरकलेला दिसेल.

अडगळ_पुणे
शेवटीही पांढरी चार. आणि ८० वर मधला संवाद नीट बसतो: वाद्यांचा तुकडा चार वेळा येतो आणि पाचव्याच्या समेवर तो बरोबर शेवटचा शब्द टाकतो. ७६ वर ऐकताना मला वाटत होते त्याचे टायमिंग चुकतेय.

चिंटूचा_मामा
म्हणजे एडिसनला स्पिरिट, बाकीच्यांना भांड्यांचे लिक्विड. उलटे तर नाही ना लिहिले मी?

लाखमोलाचा
बरोबर आहे. तरी बाटलीवर चिठ्ठी लावा.